ज्योत्स्ना भोळे : नाट्यपदाला प्रसंगाचे माप देणारी गायिका-अभिनेत्री

ज्योत्स्ना भोळे यांचे नाव निघाले की बहुतेकांना 'बोला अमृत बोला' ही भैरवी आठवते. ही भैरवी 'कुलवधू' या नाटकातली आहे, हे त्यापैकी अनेकांना ठाऊक असते. परंतु त्या नाटकात ती कोण म्हणते, कोणत्या प्रसंगी म्हणते, हे सांगू शकणारे आता विरळाच. यवतमाळ, वणी, पुसद यांसारख्या मुंबईच्या रंगभूमीपासून दूर असलेल्या गावांतील रसिकांना तर ज्योत्स्नाबाई प्रथम भेटल्या त्या ग्रामोफोनच्या तबकडीवर आणि पुढे, १९४८ मध्ये आकाशवाणीचे नागपूर केंद्र सुरू झाल्यावर, रेडिओवर. त्यामुळे त्या गायिका म्हणून स्मरणात राहिल्या आणि अभिनेत्री म्हणून मात्र काहीशा मागे पडल्या. मराठी रंगभूमीवरचे त्यांचे खरे कार्य अभिनय आणि गाणे यांच्या नेमक्या सांध्यावरचे आहे, म्हणून ही विस्मृती अधिकच खटकते.

त्यांचा जन्म ११ मे १९१४ रोजी गोव्यातील बांदिवडे येथे झाला. माहेरचे नाव दुर्गा केळेकर. थोरल्या भगिनी गिरिजाबाई केळेकर याही नामवंत गायिका. लहान वयातच दुर्गा मुंबईला आली आणि तेथे आग्रा घराण्याच्या खादिम हुसेन खाँ यांच्याकडे तिला रीतसर तालीम मिळाली. ख्यालगायनाची बैठक पक्की झालेला हा गळा मैफलीच्या वाटेने सहज गेला असता. १९३२ मध्ये केशवराव भोळे यांच्याशी विवाह झाला आणि त्या गळ्याला निराळी दिशा मिळाली.

केशवराव (१८९६-१९७७) हे मूळचे अमरावतीचे. वऱ्हाडातील अमरावती, अकोला, यवतमाळ ही कापसाच्या पैशावर उभी राहिलेली गावे, आणि संगीत नाटक मंडळ्यांचे मुक्काम तेथे पडत. वैद्यकीच्या शिक्षणासाठी ते मुंबईला गेले. ते शिक्षण अर्धवट राहिले आणि संगीत हेच त्यांचे आयुष्य झाले. 'एकलव्य' आणि 'शुद्धसारंग' या टोपणनावांनी त्यांनी केलेली संगीतसमीक्षा परखड होती. पुढे 'प्रभात'च्या 'संत तुकाराम', 'कुंकू' या चित्रपटांचे संगीत त्यांनी दिले. गाणे हे प्रसंगातून उगवले पाहिजे, प्रसंगाला बाजूला सारून त्याने मैफल मांडता कामा नये, हा त्यांचा आग्रह होता. त्या काळी असा आग्रह धरणे धाडसाचेच होते.

याचे कारण असे की, संगीत नाटकाची तेव्हाची रीत अगदी उलट होती. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'सौभद्रा'त (१८८२) शंभरावर पदे होती. ती बहुधा लहान आणि कथानकाला धरून असत. पुढे बालगंधर्वांच्या काळात पदांची संख्या घटली, पण एकेक पद वाढत गेले. 'वन्समोअर'वर 'वन्समोअर' पडत. नायिकेचा विरह बाजूला राही आणि रसिक तानेची वाट पाहत. ते गाणे अलौकिक होते, यात वाद नाही. परंतु नाटक पहाटेपर्यंत चाले, आणि त्यातले नाट्य कुठे हरवले याची खंत फार थोड्यांना होती. १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला आणि दोन-अडीच तासांत सर्व काही आटोपणाऱ्या पडद्यापुढे मंडळ्यांचा हा पसारा टिकेनासा झाला.

अशा वेळी के. नारायण काळे, अनंत काणेकर, पार्श्वनाथ आळतेकर, श्री. वि. वर्तक, केशवराव भोळे आदी मंडळींनी 'नाट्यमन्वंतर' ही संस्था काढली. १ जुलै १९३३ रोजी तिचे 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आले. नॉर्वेचे नाटककार ब्यर्नसन यांच्या नाटकावरून वर्तकांनी ते रचले होते. स्त्रीकडून जे शील अपेक्षिले जाते ते पुरुषाकडून का नाही, असा त्यातला सवाल. रंगवलेल्या पडद्यांऐवजी खरीखुरी वाटणारी खोली, नित्याची बोलण्याची भाषा, पार्श्वसंगीताचा विचारपूर्वक वापर आणि मोजकीच गाणी, हे सारे प्रेक्षकांना नवे होते. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. पद्मावती वर्तक आणि बिंबाच्या भूमिकेत एकोणीस वर्षांच्या ज्योत्स्ना भोळे. हिराबाई बडोदेकरांनी त्याआधी काही वर्षे स्त्री-पुरुषांच्या एकत्रित संचात संगीत नाटके केली होतीच. पण त्या जुन्या परंपरेतल्या नाटकांत गात होत्या. गद्य संवादाच्या ओघात, आवाज न चढवता, घरातली मुलगी गुणगुणावी तसे पद म्हणणे ही बिंबाची अडचण वेगळी होती. ख्यालाची तालीम झालेल्या गळ्याला सर्वांत कठीण काय असेल, तर तान हाताशी असताना ती न घेणे.

'नाट्यमन्वंतर' अल्पायुषी ठरले. प्रयोग गाजला, पण संस्था टिकली नाही. तो धागा पुन्हा हाती घेतला पत्रकारितेतून नाटकाकडे आलेल्या मो. ग. रांगणेकरांनी. १९४१ मध्ये त्यांनी 'नाट्यनिकेतन' स्थापन केली आणि १९४२ मध्ये 'कुलवधू' सादर केले. युद्ध आणि 'चले जाव'चे आंदोलन यांनी ढवळलेले ते वर्ष. नाटकाला इब्सेनच्या 'डॉल्स हाउस'ची छाया असल्याचे समीक्षकांनी नोंदवले आहे. चित्रपटात नाव मिळवणारी भानुमती आणि तिचे यश न पेलणारा तिचा पती, हा त्याचा विषय. कुलीन घरातल्या स्त्रीने तोंडाला रंग लावावा की नाही, यावर समाजात अजून खल चालू होता. त्या प्रश्नाला प्रत्यक्ष आयुष्यात सामोरी गेलेली एक विवाहित अभिनेत्री भानुमती म्हणून उभी राहिली, तेव्हा प्रेक्षकांना त्या भूमिकेत नुसता अभिनय दिसला नसावा.

रांगणेकरांची पदे आणि मास्टर कृष्णरावांच्या चाली यांनी 'कुलवधू'चे संगीत घडले. 'क्षण आला भाग्याचा', 'मनरमणा मधुसूदना' आणि शेवटची भैरवी. ही पदे आजही तबकडीवर ऐकली तर लक्षात येते की, त्यांत रागदारी आहे, मुरकी आहे, पण पसरटपणा नाही. जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. बालगंधर्वांच्या पदांना त्यासाठी काटछाट सोसावी लागे. 'कुलवधू'ची पदे मुळातच आटोपशीर होती. ती घरोघरी पोहोचली ती त्यामुळेच, आणि नाटकापासून तुटली तीही त्यामुळेच.

पुढे 'नाट्यनिकेतन'च्या 'एक होता म्हातारा'सारख्या नाटकांतून आणि मामा वरेरकरांच्या 'भूमिकन्या सीता'मधून त्या वावरल्या. 'आराधना' हे नाटक त्यांनी स्वतः लिहिले. भावगीताच्या प्रांतातही त्यांचा ठसा उमटला. काणेकरांचे 'आला खुशीत समिंदर' हे केशवरावांच्या चालीत, तर नागपूरच्या राजा बढे यांचे 'माझिया माहेरा जा' हे पु. ल. देशपांडे यांच्या चालीत त्यांनी गायिले. माहेरच्या गाण्यात त्यांचा स्वर पाखराला निरोप सांगतो तो बोलल्यासारखा. बिंबाने आणि भानुमतीने शिकवलेला संयमच तेथे कामी आला, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद हे सन्मान त्यांना लाभले. 'तुमची ज्योत्स्ना भोळे' या पुस्तकात त्यांनी आपल्या आठवणी मोकळेपणाने सांगितल्या आहेत.

५ ऑगस्ट २००१ रोजी त्यांचे निधन झाले. पुण्यात हिराबागेतील एका सभागृहाला त्यांचे नाव देण्यात आले आहे. 'कुलवधू'ची संहिता मिळवून एकदा वाचावी आणि मग ती भैरवी ऐकावी. भानुमती ते पद कोणाला उद्देशून म्हणते आहे, हे कळल्यावर ओळखीची चाल वेगळी ऐकू येते.