मुक्त खेळ व देखरेखीखालील व्यायाम (प्रारंभीची अमेरिका)

स्वातंत्र्योत्तर अमेरिकेत शिकणाऱ्या मुलग्यांच्या खेळाकडे शिक्षक बहुधा संशयानेच पाहत. प्रिन्स्टनच्या महाविद्यालयाने १७८७ मध्ये मागील आवारातला काठी-चेंडूचा खेळ सभ्य तरुणांना न शोभणारा व धोक्याचा ठरवून बंद केला. त्याच वर्षी मेरिलंडमधील ॲबिंग्डन येथे उघडलेले मेथडिस्ट पंथाचे कोक्सबरी कॉलेज त्याहून कडक होते. तेथे खेळाला पूर्ण मज्जाव होता. विरंगुळा म्हणून बागकाम, पायी फिरणे, घोडेस्वारी, स्नान आणि सुतारकामासारखी कामे, एवढेच. स्नानाच्या वेळी मास्तर हजर हवेत, पाण्यात एका वेळी एकच मुलगा उतरणार आणि तोही मिनिटभरच. नदीत उतरायची तर बंदीच होती. लहानपणी खेळणारा मोठेपणीही खेळतच राहतो, ही मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांची धारणा यामागे होती.

मॅसॅच्युसेट्समधील नॉर्थॅम्प्टनची राउंड हिल शाळा (१८२३) अधिक समंजस म्हणावी लागेल. तेथे १८२५ पासून जर्मन व्यायामशिक्षक फ्रीडरिक लुडविग यान यांचे शिष्य चार्ल्स बेक जर्मन पद्धतीची कसरत शिकवीत. शिवाय मुलांना स्वतःच्या झोपड्या बांधून त्यांत रमण्याची मोकळीकही होती. अर्थात हा लाभ सधन घरांपुरताच राहिला. शाळा १८३४ मध्ये बंद पडली.