रंगनिष्ठा, उघड्यावरील व्हिडिओचित्रणातील

घरगुती व्हिडिओ कॅमेऱ्याने घराबाहेर टिपलेले रंग पडद्यावर मूळ वस्तूच्या रंगांशी कितपत जुळतात, यावर त्या चित्रणाची रंगनिष्ठा ठरते. ती कॅमेऱ्याच्या किमतीवर अवलंबून असते, हा समज अर्धाच खरा आहे. उघड्यावर रंग बिघडतात ते मुख्यतः कॅमेरा आपले निर्णय क्षणोक्षणी बदलत राहतो म्हणून. ते निर्णय चित्रण करणाऱ्याने आपल्या हाती घेतले, तर साध्या कॅमेऱ्यातूनही विश्वासार्ह रंग मिळतात. न घेतल्यास महागडा कॅमेराही फसतो.

दिवसाचा उजेड एका छटेचा नसतो. ही छटा केल्व्हिनमध्ये मोजतात. भर दुपारचे ऊन ५५०० केल्व्हिनच्या आसपास असते, सूर्य क्षितिजाजवळ आला की आकडा ३००० च्याही खाली जातो, आणि इमारतीच्या सावलीत, जिथे फक्त निळ्या आकाशाचा उजेड पोचतो, तो ७५०० च्या पुढे चढतो. हा फरक डोळ्याला फारसा जाणवत नाही, कारण दृष्टी उजेडाशी जुळवून घेते. योहानेस फोन क्रीस या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये या जुळवणीची मांडणी केली. कॅमेऱ्यातील ऑटो व्हाइट बॅलन्स तिचीच नक्कल करतो, पण त्याला उजेड वेगळा आणि वस्तू वेगळी दिसत नाही. त्याच्या मुळाशी असलेले सर्वांत साधे गृहीतक असे, की चौकटीतल्या सगळ्या रंगांची सरासरी करडी येते. श्रावणातल्या भातखाचरासमोर माणूस उभा केला की हे गृहीतक कोसळते. हिरव्याचा तो भडिमार उजेडाचा दोष समजून कॅमेरा त्यावर किरमिजी छटेचा उतारा देतो. शेत मलूल होते आणि चेहरा गुलाबी. नव्या कॅमेऱ्यांत चेहरा, आकाश, हिरवळ ओळखण्याची सोय असल्याने हा आक्षेप आता जुना झाला, असे कोणी म्हणेल. एकेका चौकटीपुरते ते पटण्याजोगे आहे. पण व्हिडिओ म्हणजे एकापुढे एक लागणारी दृश्ये. जवळच्या दृश्यात एक आणि लांबच्या दृश्यात दुसरी छटा आली, तर दोन्ही सुटी पाहताना चालून जातात. जोडली की त्याच बाईची तीच साडी रंग बदलते.

म्हणून व्हाइट बॅलन्स हाताने ठरवून कुलूपबंद करणे ही पहिली पायरी. त्यासाठी बहुधा पांढरा कागद किंवा कोणाचा तरी पांढरा सदरा पुढे केला जातो, आणि चूक तिथेच शिरते. छपाईच्या कागदात उजळपणा आणणारी द्रव्ये असतात; ती उन्हातले अतिनील किरण शोषून निळा उजेड परत टाकतात. नीळ दिलेला सदराही डोळ्याला शुभ्र वाटतो, पण असतो निळसर. अशा वस्तूला पांढरे मानले की कॅमेरा सगळे चित्र पिवळटाकडे ढकलतो. तटस्थ करडे कार्ड स्वस्त असते आणि ते पुरते. मात्र ज्याचे चित्रण करायचे त्याच्याच जागी, कॅमेऱ्याकडे तोंड करून ते धरावे; वर कललेले कार्ड आकाशाची निळाई उचलते. अर्धे ऊन, अर्धी सावली अशा चौकटीला मात्र कोणतेच कार्ड न्याय देऊ शकत नाही. तिथे एक बाजू निवडावी लागते किंवा माणसालाच हलवावे लागते. रंगीत कापडाच्या मांडवाखालीही तेच: पिवळ्या कनातीतून गाळून आलेल्या उजेडात निळा अंशच कमी असतो, तो वाढवायला गेले की चित्रात कण उमटतात.

व्हाइट बॅलन्सइतकाच रंग बिघडवतो तो एक्स्पोजर, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. सेन्सरवर लाल, हिरव्या, निळ्या गाळण्यांखालचे बिंदू असतात; ब्राइस बायर यांनी कोडॅकमध्ये असताना आखलेल्या आणि १९७६ मध्ये पेटंट मिळालेल्या रचनेत निम्मे हिरवे, उरलेले अर्धे-अर्धे लाल व निळे. यांपैकी एखादा रंग मर्यादेपाशी पोचला की तो तिथेच थांबतो, बाकीचे वाढत राहतात. केशरी झेंडूच्या तोरणावर प्रखर ऊन पडले की लाल आधी तुंबतो, मागून हिरवा चढतो, आणि केशरी फूल पिवळे होऊन बसते. अतिउजेडाची सूचना देणारे झेब्रा पट्टे इथे सहसा गप्प राहतात, कारण ते बहुधा एकूण उजळपणा मोजतात. हाय-डेफिनिशनच्या प्रचलित मानकात त्या उजळपणात लालाचा वाटा सुमारे २१ टक्के, हिरव्याचा ७२ आणि निळ्याचा ७ आहे. शुद्ध लाल पूर्ण तुंबला तरी पट्ट्यांच्या हिशेबी चित्र अंधारेच असते. कुंकू, गुलाल, लाल शालू यांवरचा पोत नाहीसा होतो तो असा. तेव्हा भडक रंगांसाठी एक्स्पोजर मुद्दाम थोडे उतरवावे, आणि उन्हात फिका दिसणाऱ्या छोट्या पडद्यावर विसंबू नये. तो पाहणाऱ्याला चित्र आणखी उजळवण्याची भूल घालतो.

हे सारे संकलनाच्या टेबलावर दुरुस्त करता येईल, हा नेहमीचा युक्तिवाद. रॉ स्वरूपातल्या स्थिरचित्राला तो बराचसा लागू पडतो, पण घरगुती व्हिडिओत व्हाइट बॅलन्सचा गुणाकार आधी होतो आणि मग चित्र दाबले जाते. शिवाय १९२० × १०८० बिंदूंच्या चित्रात उजळपणाची नोंद प्रत्येक बिंदूची असली, तरी रंगाची सामान्यतः ९६० × ५४० जागांचीच ठेवतात, आणि आठ बिटांत प्रत्येकीला २५६ पायऱ्यांच्या आतच बसवावे लागते. थोडी छटा हलवण्याइतका ऐवज त्यात असतो. तुंबलेल्या लालातला तपशील मात्र मुळात नोंदलेलाच नसतो. तो कोणतेही सॉफ्टवेअर परत आणत नाही.

याहून वजनदार आक्षेप उलट बाजूने येतो: संध्याकाळी सगळे तांबूसच दिसते, मग पांढरे पांढरेच दाखवणे ही निष्ठा कशी? आक्षेप रास्त आहे, पण त्याने ऑटोची बाजू सावरत नाही. ऑटोच तर सूर्यास्ताची लाली पुसायला धावतो. दिवसाच्या उजेडाचा ठरीव आकडा, बहुधा ५६००, कायम ठेवला तर सांज तांबूस आणि सावली निळसर उमटते. सावलीत कार्डावर बेतले तर वस्तूचा स्वतःचा रंग मिळतो. कापडाचा व्यापारी दुसरे मागेल, प्रवासपट करणारा पहिले. दोन्हींत संदर्भ माणसाने निवडलेला असतो आणि दृश्य संपेपर्यंत तो हलत नाही.

यंत्राची खरी मर्यादा याच्या पलीकडे सुरू होते. सेन्सरने मानवी डोळ्यासारखेच रंग वेगळे ओळखावेत यासाठी त्याची संवेदनशीलता डोळ्याच्या संवेदनशीलतेशी ठरावीक गणिती नात्याने बांधलेली असावी लागते. रॉबर्ट लुथर यांनी १९२७ मध्ये मांडलेली ही अट बाजारातले कॅमेरे काटेकोरपणे पाळत नाहीत. त्यामुळे डोळ्याला वेगळे दिसणारे दोन रंग कॅमेऱ्यात एक होऊ शकतात. कास पठारावरची सीतेची आसवे किंवा कारवी यांच्यासारखी जांभळी फुले चित्रात निळी उतरतात, त्याचे हे एक मुख्य कारण. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २४ चौकोनांच्या मॅकबेथ रंगतक्त्यात त्वचा, पालवी आणि आकाशाच्या जोडीला निळ्या फुलाचाही चौकोन आहे. असा तक्ता प्रत्येक उजेडात एकदा टिपून ठेवला, तर संकलनात सरासरी चूक बरीच आटोक्यात येते. पण जांभळा ताणून जागेवर आणताना शेजारचा निळा हलतो, आणि फुलांमागच्या आकाशात ते दिसून येते.