स्फटिकजालकाची कंपने : रोधक की साहाय्यक?

धातूतील इलेक्ट्रॉनांच्या गतीस स्फटिकजालकाची कंपने रोध करतात, हे मत ब्लॉखच्या १९२८ मधील सिद्धान्ताने दृढ झाले. या कंपनांच्या पुंजास फ्रेंकेलने १९३२ मध्ये ‘फोनॉन’ ही संज्ञा दिली. ध्वनिवाचक ग्रीक शब्दापासून ती साधलेली असल्याने भाषाशास्त्रातील ‘फोनीम’ तिची सगोत्र होय.

तथापि पाऱ्याचा विद्युत्‌रोध सुमारे ४.२ केल्व्हिनला एकाएकी नाहीसा होतो, हा कामरलिंग ओनेसचा १९११ मधील शोध अनेक दशके अनाकलनीयच राहिला. १९५० मध्ये अमेरिकेतील दोन गटांना असे आढळले की, पाऱ्याचा समस्थानिक जितका जड, तितके हे तापमान कमी. समस्थानिकांतील इलेक्ट्रॉनांची संख्या समानच असते; वस्तुमानाबरोबर पालटते ती कंपनांची गती. अर्थात अतिसंवाहकतेचे मूळ जालकात शोधणे प्राप्त होते. त्याच वर्षी फ्रोलिशने स्वतंत्रपणे हेच प्रतिपादिले होते. इलेक्ट्रॉन धन आयनांना किंचित जवळ ओढतो व त्या धनभाराकडे दुसरा इलेक्ट्रॉन आकर्षिला जातो. या युग्मांवरच बार्डीन, कूपर व श्रीफर यांचा १९५७ चा सिद्धान्त उभा आहे.

तांबे व चांदी हे उत्तम वाहक अतिसंवाहक होत नाहीत, सामान्य वाहक असलेले शिसे मात्र होते, याचा उलगडाही येथेच होतो. ज्यास विरोधक मानले, तेच संयोजक ठरले.