संवेदक : पोलादनिर्मितीतील मापन

संवेदक अर्थात सेन्सर म्हणजे तापमान, वजन, दाब, वायूचे प्रमाण यांसारख्या राशींचे मोजता येईल अशा, बहुधा विद्युत, संकेतात रूपांतर करणारे साधन. त्याला मूळ राशी थेट कळत नाही. तिचा एखाद्या पदार्थावर जो परिणाम होतो तेवढाच त्याला टिपता येतो. त्यामुळे ज्ञात प्रमाणाशी वेळोवेळी ताडून पाहिलेला संवेदकच विश्वासार्ह मानावा.

छत्तीसगडमधील अहिवाऱ्यालगतच्या नंदिनी खाणींची चुनखडी भिलाई पोलाद कारखान्यात जाते. तिथली पहिली झोतभट्टी 1959 मध्ये सुरू झाली. चुनखडी, खनिज आणि कोक यांचे प्रमाण चुकले की भट्टीचा तोल बिघडतो, म्हणून अशा कारखान्यांत वजन लोडसेलने घेतात. भाराखाली पोलादी ठोकळा किंचित दबतो, त्यावर चिकटवलेल्या धातूच्या बारीक जाळीचा विद्युतरोध बदलतो आणि व्हीटस्टन सेतू तो सूक्ष्म फरक पकडतो. वाहत्या पट्ट्यावरच्या मालासाठी वजनाबरोबर पट्ट्याचा वेगही मोजावा लागतो.

द्रवरूप पोलादाचे तापमान 1600 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. इथे थर्मोकपल वापरतात. दोन भिन्न धातूंच्या तारांचे सांधे वेगळ्या तापमानांत ठेवले की विद्युतदाब निर्माण होतो, हे झेबेकने 1821 मध्ये दाखवले. प्लॅटिनम आणि 10 टक्के ऱ्होडियमयुक्त प्लॅटिनम यांची जोडी 1600 अंशांना जेमतेम 16.8 मिलिव्होल्ट देते, तेही दुसरा सांधा शून्य अंशाला धरून. तो सांधा तापला आणि त्याची भरपाई केली नाही, तर वाचन कमी येते. कागदी नळीतले टोक वितळत्या धातूत बुडवतात. काही सेकंदांत आकडा मिळतो आणि टोक निकामी होते. कमी तापमानाला प्लॅटिनम रोध-तापमापक अधिक अचूक असतो : 0 अंशाला 100 ओहम, 100 अंशांना 138.5. तापलेल्या पोलादाला स्पर्श न करता त्याच्या प्रारणावरून तापमान सांगणाऱ्या पायरोमीटरला मात्र धूर आणि पृष्ठावरची खपली फसवू शकतात.

संकेत बहुधा 4 ते 20 मिलिअँपिअरमध्ये पाठवतात. शून्य राशीलाही 4 मिलिअँपिअर वाहत असल्याने तार तुटल्याचे लगेच कळते. ही साधी योजना फार मोलाची आहे.

रुळांतील दोष शोधताना दाबविद्युत स्फटिक श्राव्यातीत तरंग सोडतो आणि भेगेवरून परतलेला प्रतिध्वनी टिपतो. दाबाखाली स्फटिकावर विद्युतभार निर्माण होण्याचा गुणधर्म क्यूरी बंधूंनी 1880 मध्ये नोंदवला.

सर्वाधिक काळजी वायुसंवेदकाची घ्यावी लागते. झोतभट्टीच्या वायूत कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो. त्याला ना रंग, ना वास. जून 2014 मध्ये भिलाईत वायुगळतीने 6 जण दगावले. हा वायू ओळखणाऱ्या विद्युतरासायनिक घटात वायूचे ऑक्सिडीकरण होऊन प्रमाणानुसार विद्युतप्रवाह वाहतो. घट वापरात नसतानाही जुना होतो, म्हणून ज्ञात प्रमाणाचा वायू देऊन त्याची नियमित चाचणी घेतात आणि मुदत संपताच तो बदलतात.