न कुजणारे, न विकले जाणारे

फ्रेंच भाषेत ‘अँकोरप्तीब्ल’ असे एक विशेषण आहे. जी वस्तू कुजत नाही ती, आणि जो माणूस पैशाने फितत नाही तो, असे दोन्ही अर्थ त्यात एकत्र नांदतात. मराठीत आणताना त्याचे दोन तुकडे करावे लागतात: वस्तू ‘न कुजणारी’, माणूस ‘न विकला जाणारा’. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये हे विशेषण दोन ठिकाणी लागले. एक क्रांतीचा नेता रोबस्पिएर; लोक त्याला याच नावाने ओळखत. दुसरे, चिनी मातीचे दात.

या दातांची सुरुवात एका औषधविक्रेत्याच्या तक्रारीतून झाली. पॅरिसजवळच्या सँ-जेर्मां-आँ-ले इथला अलेक्सी द्युशातो पाणघोड्याच्या दाताची कवळी वापरत असे. औषधे चाखून पाहताना त्यांचा वास आणि रंग कवळीत मुरत असे. चिनी मातीच्या बशीला वास लागत नाही, मग कवळीच तिची का नसावी, या विचाराने 1774 च्या सुमारास तो पॅरिसच्या एका पोर्सिलेन कारखान्यात गेला. भट्टीत माती आकसते, त्यामुळे पहिल्या कवळ्या तोंडात बसेनात. निकोला दुबोआ द शेमां या दंतवैद्याच्या मदतीने काम पुढे सरकले; पेटंट मात्र दुबोआने स्वतःच्या नावावर घेतले. ‘न कुजणारे आणि वास न येणारे’ अशी त्याने या दातांची जाहिरात केली. क्रांतीच्या धामधुमीत तो लंडनला गेला आणि 1791 मध्ये तिथलेही पेटंट त्याने मिळवले.

क्रांतीतून पळून लंडनला आलेला नार्बोनचा आर्चबिशप आर्थर रिचर्ड डिलन 1806 मध्ये वारला. या शतकाच्या आरंभी सेंट पँक्रसची दफनभूमी रेल्वेच्या कामासाठी खोदली गेली, तेव्हा त्याच्या सांगाड्यासोबत चिनी मातीची कवळी मिळाली. जवळजवळ दोनशे वर्षे जमिनीत राहूनही ती कुजली नव्हती.

विशेषणाचा दुसरा अर्थ, न विकला जाणारा, दुबोआच्या मनात नसावा. पण खरा इतिहास तिथेच आहे. त्या काळी श्रीमंतांच्या तोंडातले उत्तम कृत्रिम दात म्हणजे दुसऱ्या माणसाचे दात. थॉमस रोलंडसनच्या 1787 च्या व्यंगचित्रात धुरांडी साफ करणाऱ्या पोराचा दात उपटून एका बाईच्या हिरडीत बसवण्याची तयारी चाललेली दिसते. जॉर्ज वॉशिंग्टनच्या 1784 च्या हिशेबवहीत, काळ्या लोकांना नऊ दातांबद्दल 6 पौंड 2 शिलिंग दिल्याची नोंद आहे. वॉटर्लूच्या 1815 च्या लढाईनंतर मृत सैनिकांचे दात इतके बाजारात आले, की त्यांना ‘वॉटर्लूचे दात’ हे नावच पडले. ह्युगोच्या ‘ले मिझेराब्ल’मधली फॉन्तीन लेकीसाठी पुढचे दोन दात 40 फ्रँकना विकते, हे वाचकाला अतिशयोक्त वाटले तरी तो बाजार खरा होता.

चिनी मातीच्या दातामागे असे दुसऱ्या कुणाचे तोंड नव्हते. पण या दातांनी तो बाजार लगेच बंद केला नाही. एकसंध कवळी जड होती, ठिसूळ होती आणि नीट बसत नव्हती. पॅरिसमध्ये 1808 मध्ये जुझेप्पान्जेलो फोन्झी या इटालियन दंतवैद्याने प्लॅटिनमची तार अडकवलेले सुटे दात दाखवले. एकेक दात आधारावर बसवता येऊ लागला. पुढे कारखान्यांत असे दात मोठ्या संख्येने होऊ लागले, तेव्हा कुठे माणसाच्या दातांची खरेदी ओसरली.

आज आपण ज्याला ‘कॅप’ म्हणतो, तिची कथा इथून वेगळी होते. (डॉक्टर ‘क्राऊन’ म्हणतात, म्हणजे मुकुट, आपण त्याची टोपी केली.) दात काढून दुसरा बसवण्याऐवजी उरलेला दात वाचवायचा आणि त्यावर कवच चढवायचे, ही ती कल्पना. डेट्रॉइटच्या चार्ल्स लँडने 1889 मध्ये पेटंट घेतलेल्या पद्धतीत, तासलेल्या दाताच्या आकारावर प्लॅटिनमचा पातळ पत्रा दाबून त्यावर पोर्सिलेन भाजले जाई. (अटलांटिक एकट्याने ओलांडणारा वैमानिक लिंडबर्ग हा त्याचा नातू.) लँडची कॅप दिसायला सुंदर, पण दाढेवर टिकत नसे, थंड होताना तिच्यात सूक्ष्म भेगा पडत. 1962 मध्ये वाइनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी, तापल्यावर सोन्याच्या मिश्रधातूइतकेच प्रसरण पावणारे पोर्सिलेन पेटंट केले. त्यामुळे ते धातूवर घट्ट बसले. 1965 मध्ये ब्रिटनमध्ये मॅक्लीन आणि ह्यूज यांनी अॅल्युमिना मिसळून धातूविना ताकद वाढवली. आता झिर्कोनिया त्याहून पुष्कळ बळकट आहे. दातांच्या पोर्सिलेनमध्ये तर माती जवळजवळ उरलेलीच नाही. ते मुख्यतः फेल्डस्पारची काच आहे, म्हणून उजेड थोडा आत घेते आणि दातासारखे दिसते.

निवड करताना हाच इतिहास उपयोगी पडतो. समोरच्या दाताला काचेसारखी पारदर्शकता हवी, दाढेला ताकद. धातूवर पोर्सिलेन चढवायचे तर दोन थरांसाठी दात जास्त तासावा लागतो, आणि हिरडी खाली सरकली की कडेला काळपट रेघ दिसू शकते. झिर्कोनिया पातळ चालते, पण फार अपारदर्शक असेल तर दात निर्जीव वाटतो. डॉक्टरांना किंमत विचारताना ‘माझा किती दात तासला जाईल?’ हेही विचारावे, कारण तासलेला दात परत येत नाही.

आणखी एक गोष्ट आहे. खडबडीत पोर्सिलेन स्वतः झिजत नाही, समोरचा खरा दात झिजवते. म्हणून चावा जुळवण्यासाठी कॅप घासली, तर ती पुन्हा गुळगुळीत करून घ्यावी. झोपेत दात खाण्याची सवय असेल तर रात्री दातांवर संरक्षक साचा घालावा. सुपारी किंवा बर्फ कॅपखाली फोडू नये.

दुबोआचे विशेषण कॅपला आजही लागू पडते, पण फक्त कॅपलाच. तिला कीड लागत नाही. ज्यावर ती बसली आहे तो दात मात्र आपलाच आहे, आणि तो कुजू शकतो. कीड शिरते ती कॅपची कड आणि दात यांच्या सांध्यातून. रूट कॅनाल झालेला दात तर दुखून सूचनाही देत नाही. तो सांधा रोज ब्रशने आणि फ्लॉसने साफ करावा लागतो, आणि अधूनमधून तपासून घ्यावा लागतो.