किऊ चिन : एक निर्वासित नटी

ग्रॅहम ग्रीनच्या ‘दि क्वायट अमेरिकन’ या कादंबरीवरून निघालेला बोलपट १९५८ सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हां त्यांतील विएतनामी नायिकेची भूमिका एका इटालियन नटीनें केली होती. ती प्रथम सायगॉनमधील एका तरुण सुनेस देऊं केली होती. परंतु सासरच्या मंडळींस तें रुचलें नाहीं. ही सून म्हणजे किऊ चिन. आपल्या बोलपटांच्या आरंभकाळीं घरोघरीं काय बोललें जाई हें ज्यांना ठाऊक आहे, त्यांस यांत नवल वाटणार नाहीं. १९५७ सालीं त्या प्रथम पडद्यावर आल्या, त्या बौद्ध भिक्षुणीच्या भूमिकेंत. मग घरचा विरोध टिकला नाहीं.

त्यांचा जन्म हनोईचा, १९३७ सालचा. दुसऱ्या महायुद्धांतील बाँबवर्षावांत आई गेली. १९५४ सालीं देशाचे दोन तुकडे झाले, तेव्हां भाऊ क्रांतिकारकांना मिळालेला. त्याची वाट पाहत वडील मागें राहिले आणि मुलीला त्यांनीं एकटीलाच दक्षिणेकडे धाडलें. मागाहून येतों, असें ते म्हणाले होते. ते आले नाहींत.

सायगॉनमध्यें त्यांनीं कीर्ति मिळविली, स्वतःची चित्रसंस्था काढली व १९७१ सालीं एका सैनिकाच्या प्रेमकथेचा युद्धपटहि निर्मिला. देव आनंद यांच्यासमवेत ‘दि ईव्हिल विदिन’ मध्यें त्या भारतीय राजकन्या झाल्या. पण १९७५ सालच्या एप्रिलमध्यें सायगॉन पडलें आणि हें सारें वैभव एका रात्रींत निरर्थक झालें. टोरोंटोस पोचलेल्या या विख्यात नटीला कोंबड्यांच्या खुराड्यांची साफसफाई करून पोट भरावें लागलें. अखेर सायगॉनमध्यें जिची एकदां मुलाखत घेतली होती, त्या टिपी हेड्रन या अमेरिकन नटीनें त्यांना हॉलिवूडला बोलावून घेतलें.

तेथें कामें मिळालीं, पण तीं कशीं? १९७७ सालीं ‘मॅश’ मालिकेंत कुलीन कोरियन स्त्री. १९९३ सालीं ‘दि जॉय लक क्लब’ मध्यें चिनी माता. अमेरिकेच्या दृष्टीनें आशियाचे चेहरे सारे एकच! तथापि या दुसऱ्या भूमिकेविषयीं मात्र तक्रार करवत नाहीं. युद्धाच्या धामधुमींत जुळ्या तान्ह्या मुलींना रस्त्यावर सोडून जावें लागलेली ती आई आहे. लहानपणींच आईला मुकलेली व वडिलांना मागें टाकून विमानांत बसलेली बाई तें काम करीत होती, हें ठाऊक असलें म्हणजे त्या प्रसंगाकडे निव्वळ अभिनय म्हणून पाहणें कठीण जातें.

१९९५ सालीं, एकेचाळीस वर्षांनीं, त्या हनोईस परतल्या. भाऊ भेटला, वडील हयात नव्हते. २०२४ च्या ‘दि सिंपथायझर’ या अमेरिकन मालिकेंत, वयाच्या शहाऐंशींव्या वर्षीं, त्या विएतनामी निर्वासितांतील एका वृद्ध मातेच्या भूमिकेंत दिसल्या. तिचा मुलगा मारला गेलेला असतो.