गायनविद्या, महाविद्यालय आणि भाकरी

गेल्या वर्षी जून महिन्यात आपल्या मंडळाच्या विद्यार्थी साहाय्य समितीची बैठक महालातील एका ज्ञातिबांधवांच्या वाड्यात भरली होती. अभियांत्रिकीचे अर्ज झाले, औषधनिर्माणशास्त्राचे झाले, वाणिज्य शाखेचे झाले. आणि शेवटी एका मुलीचा अर्ज हाती आला. बारावीस उत्तम गुण मिळवून तिने बी. ए. ला संगीत हा विषय घेण्याचे ठरविले होते आणि शुल्क, पुस्तके व तंबोरा यांसाठी साहाय्य मागितले होते. क्षणभर कोणीच काही बोलले नाही. मग एका वयोवृद्ध सदस्यांनी सौम्यपणेच विचारले, "गाणे शिकावे, त्यास ना नाही, परंतु गाण्याची पदवी घेऊन पुढे करावयाचे काय?" या प्रश्नास कोणापाशीच उत्तर नव्हते, आमच्यापाशीही नव्हते. अर्ज विचाराधीन म्हणून बाजूस ठेवण्यात आला.

आमचे शिक्षण मॅट्रिकपुरते. सारे आयुष्य प्राथमिक शाळेत मुले शिकविण्यात गेले. तरी उत्तर सापडेनासे झाले की इतिहासाची पाने चाळावयाची ही आमची जुनी खोड. त्या वाचनातून जे हाती आले, ते ज्ञातिबांधवांपुढे ठेवण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

महाल हे नावच राजवाड्याची आठवण सांगते. संस्थानी काळात गवय्याची भाकरी दरबाराच्या मर्जीवर अवलंबून असे. राजा रसिक निघाला तर वेतन आणि मानमरातब. गादीवर दुसरा बसला की सारेच बदलावयाचे. इ. स. १८५३ मध्ये तिसरे रघूजीराजे निवर्तले आणि पुढील वर्षी इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले. दरबार मोडला की त्याच्या आश्रयाने जगणाऱ्या माणसाचे काय होते, हे महालाच्या रहिवाशांस निराळे सांगावयास नको. शिवाय विद्या घराण्यात कोंडलेली. चीज शिष्यास देण्याऐवजी ती सोबत घेऊन जाणारे उस्ताद पुष्कळ. कुलीन घरच्या मुलीने गाणे शिकणे तर दूरच, ते ऐकणेही लोकांस खपत नसे.

या कोंडीस पहिली वाट मिळाली ती गायनशाळांमुळे. बडोद्यास सयाजीराव गायकवाड यांनी इ. स. १८८६ मध्ये उस्ताद मौलाबक्ष यांच्या हाती गायनशाळा सोपविली. परंतु राजाश्रयाशिवाय, लोकांच्या बळावर संगीताचे विद्यालय उभे राहू शकते, हे दाखवून दिले ते पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी. त्यांचा जन्म इ. स. १८७२ मध्ये कुरुंदवाड येथे झाला. लहानपणी दारूकामाच्या अपघाताने दृष्टी अधू झाली, शालेय शिक्षण खुंटले, म्हणून मुलास मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे गाणे शिकावयास ठेवण्यात आले. गायकाला समाजात मिळणारी हलकी वागणूक त्यांच्या मनास फार लागली होती. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. ठरावीक अभ्यासक्रम, छापील पुस्तके, स्वरलिपी, परीक्षा आणि वेळापत्रक या गोष्टी शाळामास्तरांच्या परिचयाच्याच. त्या गाण्यास लावल्या गेल्या हीच मोठी क्रांती होय.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. विष्णुबुवांनी गवई घडविण्याइतकेच लक्ष शिक्षक घडविण्याकडे दिले. निवडक शिष्यांस जवळ ठेवून, त्यांच्या अन्नवस्त्राची सोय करून, वर्षानुवर्षे शिकवावयाचे व मग गावोगाव विद्यालये काढण्यास पाठवावयाचे, अशी त्यांची योजना होती. १९०८ साली त्यांनी मुंबईत विद्यालय आणले. पुढे कर्जापायी तेथील वास्तू हातची गेली, आणि १९३१ साली मिरजेस त्यांनी देह ठेवला. इमारत गेली, परंतु शिष्य उरले. त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले. प्रारंभिकपासून विशारद व अलंकारपर्यंतच्या परीक्षा ते आजही घेते. विनायकराव पटवर्धनांनी १९३२ साली पुण्यास विद्यालय काढले. ओंकारनाथ ठाकूर काशी हिंदू विश्वविद्यालयात संगीताचे प्रमुख झाले. गाण्यातून निर्माण झालेली पहिली खात्रीची उपजीविका म्हणजे शिक्षकाची, हे यावरून दिसून येईल.

दुसरे नाव पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे. हे व्यवसायाने वकील. त्यांनी देशभर हिंडून घराण्यांत दडलेल्या चिजा मिळविल्या, दहा थाटांत रागांची मांडणी केली आणि त्या क्रमिक पुस्तकांतून सर्वांस खुल्या करून दिल्या. १९१६ साली बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद त्यांच्याच खटपटीने भरली. १९१८ साली ग्वाल्हेरीस माधव संगीत विद्यालय आणि १९२६ साली लखनौस मॅरिस कॉलेज निघाले. हे मॅरिस कॉलेज आणि १८८५ साली निघालेले आपले नागपूरचे मॉरिस कॉलेज यांत गल्लत होऊ नये. पहिले एका गव्हर्नराच्या नावाचे आणि गाण्याचे. दुसरे एका चीफ कमिशनराच्या नावाचे आणि बी. ए. वाल्यांचे.

आता आपल्या नागपूरकडे वळू. येथे विष्णुबुवांच्या परंपरेतील शंकरराव सप्रे यांनी विद्यादानाचे मोठे कार्य केले. मूर्तिजापुरास १९२० साली जन्मलेले वसंतराव देशपांडे हे त्यांचेच विद्यार्थी. वसंतरावांचे चरित्र प्रत्येक पालकाने वाचावे असे आहे. एवढा थोर गवई, परंतु दीर्घकाळ त्याने पुण्यास लष्करी हिशेब खात्यात कारकुनी केली. दिवसा खतावण्या आणि एरवी रियाज. मूळचे नागपूरकर असलेल्या पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले आणि वसंतरावांचे खाँसाहेब घरोघरी पोचले. घराण्याची विद्या परक्यास द्यावी की न द्यावी, हाच त्या नाटकातील पेच आहे. त्यांच्या नावाचे सभागृह आज नागपुरात दिमाखाने उभे आहे.

दुसरी घटना खैरागडची. तेथील राजा वीरेंद्रबहादुर सिंह आणि राणी पद्मावतीदेवी यांनी आपल्या दिवंगत कन्येच्या, इंदिरेच्या, नावे राजवाडा दान केला व त्यात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी संगीत आणि ललितकलांचे विश्वविद्यालय सुरू झाले. त्या दिवशी खैरागड मध्यप्रदेशात होते व नागपूर ही त्या प्रांताची राजधानी होती. आज ते छत्तीसगडात आहे. भातखंड्यांचे पट्टशिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी तेथील कुलगुरुपद भूषविले. ज्या वास्तूत एका काळी गवई मुजरा करून गात, तेथेच गाण्याचे वर्ग भरू लागले. संगीताच्या इतिहासातील हा पालट आम्हांस मोठा बोलका वाटतो.

इतका इतिहास झाल्यावर वयोवृद्ध सदस्यांच्या प्रश्नाकडे येणे प्राप्त आहे. पदवी घेऊन पुढे काय? पहिला मार्ग शिक्षकाचा. केंद्रीय विद्यालयांत प्राथमिक वर्गांसाठी संगीत शिक्षकाचे स्वतंत्र पद असते व त्यास संगीताची पदवी लागते. एम. ए. नंतर राष्ट्रीय पात्रता परीक्षा, म्हणजे नेट, संगीत विषयातही देता येते व प्राध्यापकपदाचे दार उघडते. दुसरा मार्ग आकाशवाणीचा. नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. ध्वनिचाचणी उत्तीर्ण होणाऱ्या कलावंतास श्रेणी मिळते व ती सर्वत्र मान्यता पावते. परंतु तेथील कायम नोकऱ्या पूर्वीसारख्या राहिलेल्या नाहीत, हेही सांगितले पाहिजे. तिसरा मार्ग साथसंगतीचा. चांगला तबलजी आणि संवादिनीवादक यांस गवयाहूनही अधिक बोलावणी येतात. चौथा ध्वनिमुद्रणाचा, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये त्याचे रीतसर शिक्षण आहे. पाचवा वाद्यनिर्मितीचा, मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन लाभले आहे. शिवाय केंद्र शासनाच्या संस्कृती मंत्रालयाची १८ ते २५ वयाच्या तरुण कलावंतांसाठी दोन वर्षांची शिष्यवृत्ती आहे. आपल्याकडील पालकांपैकी किती जणांस तिची माहिती आहे?

परंतु पालकांस खोटी आशा दाखविणे हे शिक्षकाचे काम नव्हे. पदवीने गवई होत नाही. गवई होतो तो रियाजाने, आणि त्यास दहा-बारा वर्षे कमीच. मैफलीवर संसार चालविणारे थोडे. शिकवण्या, साथ आणि कार्यक्रम यांची मोट बांधणारेच बहुसंख्य. म्हणून संगीताबरोबर दुसराही विषय चांगला करावा, जमल्यास बी. एड. करावे, आणि कोणती परीक्षा कोणत्या नोकरीस चालते हे जाहिरात वाचून आधीच ठरवावे. वसंतरावांनी कारकुनी करण्यात कमीपणा मानला नाही, हे विसरू नये.

आता एक गोष्ट सांगणे आमच्या मनास जड जाते, तरी सांगतो. सुमारे तीस वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक मुलगा होता. प्रार्थना त्याने उचलली की सारी शाळा स्तब्ध होत असे. पुढे दहावी झाल्यावर त्याचे वडील आमच्याकडे सल्ला मागावयास आले. मुलास गाणे शिकावयाचे होते. आम्ही कसलीही चौकशी न करता सांगितले, "गाण्याने चूल पेटत नाही, वाणिज्य शाखेत घाला." त्यांनी तसेच केले. मुलाचे कल्याण झाले; नोकरी आहे, घर आहे. मागील गणेशोत्सवात कल्याणेश्वराच्या मंदिराजवळ त्याची भेट झाली. आम्ही विचारले, "गातोस का रे?" तो हसून म्हणाला, "गुरुजी, आता सूर लागत नाही." त्याने दोष दिला नाही, दिला असता तर बरे वाटले असते. आमचा सल्ला चुकीचाच होता असे आजही म्हणवत नाही. परंतु तो अज्ञानाने दिला होता, हे खरे.

तेव्हा आमची समितीस नम्र सूचना अशी आहे. तो बाजूस ठेवलेला अर्ज पुन्हा काढावा. त्या मुलीस आपल्या मंडळापुढे अर्धा घटका गावयास सांगावे, तिच्या गुरूंचे मत घ्यावे, आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यास जे साहाय्य मिळते तेच तिलाही द्यावे. नाकारावयाचा असेल तर तिचे गाणे ऐकून नाकारावा. न ऐकता नव्हे. एका वडीलधाऱ्याने न ऐकता दिलेला निर्णय किती वर्षे सलतो, हे आम्ही अनुभवाने जाणतो. इत्यलम्.